उत्तरेचा उजेड

चित्रकार स्वतःसाठी खोली बांधायला घेतो तेव्हा आधी दिशा पाहतो. मोठी खिडकी उत्तरेलाच हवी, असा त्याचा हट्ट असतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, फक्त आभाळाचा उजेड येतो. तो सकाळी दहाला जसा असतो, साधारण तसाच दुपारी तीनलाही असतो. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाच्या गालावरची सावली दिवसभर जागा सोडत नाही. युरोपातल्या चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या हा नियम पाळला.

आता उरणच्या मोरा बंदरावर उभं राहून उत्तरेकडे पाहा. समुद्रात दोन टेकड्यांचं एक हिरवं बेट दिसतं. गेटवेहून लाँच पकडणाऱ्यांना ते मुंबईचंच वाटतं, पण सरकारदप्तरी त्याचा पत्ता आहे: ग्रामपंचायत घारापुरी, तालुका उरण, जिल्हा रायगड. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांच्या या बेटावर, पश्चिमेकडच्या टेकडीत, समुद्रापासून सुमारे अडीचशे फूट उंचीवर एक लेणं आहे. त्याचं मुख्य दार उत्तरेला. दारातून आत सरळ चालत गेलं की सुमारे ३९ मीटरवर दक्षिणेच्या भिंतीत महेशमूर्ती भेटते. उंची सुमारे साडेपाच मीटर, तीन मुखं, आणि मधल्या मुखाची नजर थेट उत्तरेला.

म्हणजे सहाव्या शतकात, कलचुरी राजांच्या काळात, ज्या कारागिरांनी हा डोंगर पोखरला त्यांनी आपली सर्वांत मोठी मूर्ती नेमकी चित्रकाराच्या आवडत्या उजेडात बसवली. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य इथे माध्यान्हीला डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो खरा. पण तेव्हा तो इतका उंच असतो की त्याचं ऊन दारातच पडून राहतं. मूर्तीपर्यंत पोचतो तो दगडी जमिनीवरून आणि खांबांवरून परतत परतत आलेला मऊ उजेड. लेण्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेलाही डोंगर कापून मोकळी अंगणं काढलेली आहेत. मूर्तीकडे तोंड करून उभं राहिलं की आपला डावा हात पूर्वेला येतो, उजवा पश्चिमेला. डावीकडचं मुख उग्र भैरवाचं, उजवीकडचं कोमल वामदेवाचं, हाती कमळाची कळी घेतलेलं. पूर्वेचं अंगण सकाळी उजळतं आणि पश्चिमेचं दुपार कलल्यावर. मधलं शांत मुख मात्र दिवसभर उत्तरेच्या उजेडात असतं.

हा उजेड पाहणाऱ्याला सुखाचा आहे, पण त्याची नक्कल करू पाहणाऱ्याला त्याने चांगलंच छळलं. गेली पाचशे वर्षं लोक या काळोखातून चित्र बाहेर काढायचा प्रयत्न करत आहेत. कुणी मोजपट्टी घेऊन आलं, कुणी ब्रश, तर कुणी रसायनांच्या बाटल्या. त्यांच्या खटपटींकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. आपण ज्याला नुसती नोंद किंवा नक्कल म्हणून बाजूला ठेवतो, ते काम पाहण्याच्या सर्वांत अवघड प्रकारांपैकी एक आहे.

न उतरवलेली अक्षरं

सुरुवात एका हुकलेल्या नकलेपासून करू. सोळाव्या शतकात वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला, त्याबरोबर हे बेटही गेलं. वैद्य आणि वनस्पतिज्ञ गार्सिया द ओर्ता यांनी १५३४ साली ते पाहिलं. जोआंव द कास्त्रो या दर्यावर्दीने चार-पाच वर्षांनी लेण्याची मापं टिपली. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की लेण्याच्या दारावर एक शिलालेख होता. तो दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडण्यात आला. राजाने वाचणारा शोधला, पण मिळाला नाही. मग तो दगडच हरवला.

लेणं कुणी खोदवलं, कोणत्या वर्षी, कोणत्या राजाच्या आज्ञेने, याची उत्तरं त्या दगडावर असण्याचा संभव मोठा होता. दगड हलवण्याआधी कुणी त्या अक्षरांची वेडीवाकडी नक्कल कागदावर केली असती, तरी अडीचशे वर्षांनी ब्राह्मी आणि तिच्या लेकी-नाती लिप्या वाचणाऱ्या पंडितांनी ती उलगडली असती. आज विद्वानांना लेण्याचा काळ ठरवायला शिल्पाची शैली आणि बेटावर सापडलेली कृष्णराज कलचुरीची नाणी यांच्यावर भिस्त ठेवावी लागते.

याच्या अगदी उलट गोष्ट एका जर्मन भूमापकाची आहे. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानाकडे सहा जणांची एक अभ्यासमोहीम पाठवली. त्यात भाषापंडित होता, वनस्पतिज्ञ होता, वैद्य होता, गेऑर्ग विल्हेल्म बाउरेनफाइंड नावाचा चित्रकार होता आणि नकाशे करायला कार्स्टेन नीबूर होता. तापाने एकेकाला गाठलं. भाषापंडित आणि वनस्पतिज्ञ येमेनमध्ये गेले. उरलेले मुंबईकडे निघाले तेव्हा, ऑगस्ट १७६३ मध्ये, चित्रकार समुद्रातच वारला. पाठोपाठ नोकर गेला. मुंबईत पोचल्यावर काही महिन्यांत वैद्यही गेला.

उरला एकटा नीबूर. चित्रं काढणं हे त्याचं काम नव्हतंच. त्याचं शिक्षण कोन मोजण्याचं, अंतरं काढण्याचं. पण चित्रकार राहिला नव्हता, म्हणून १७६४ साली तो स्वतः कागद घेऊन घारापुरीला गेला. एकदा जाऊन भागेना म्हणून पुन्हा पुन्हा गेला. त्याने लेण्याचा आराखडा केला आणि शिल्पपटांची रेखाटनं केली. ती १७७८ साली त्याच्या प्रवासवर्णनात छापून आली. त्यातल्या देवांचे चेहरे जरा ताठ आहेत, अंगाची लवचीक वळणं हरवली आहेत. पण कोणत्या मूर्तीला हात किती, कुठला हात तुटलेला, कोण कुणाच्या कोणत्या बाजूला उभं, हे तो मोजून लिहितो. भूमापकाची नजर सौंदर्याला चुकली, तरी जागेला चुकली नाही.

पुढच्याच वर्षी परतीच्या वाटेवर नीबूर इराणात पर्सेपोलिसला थांबला. तिथल्या भिंतींवरची बाणाग्रासारखी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. तरीही त्याने ती एकेक करून उतरवली. त्या नकलांवरूनच १८०२ साली ग्रोटेफेंड नावाच्या शिक्षकाने प्राचीन इराणी लिपीतली पहिली अक्षरं ओळखली. ज्याला भाषा येत नव्हती त्याच्या इमानी हाताने ती जगवली, आणि घारापुरीची अक्षरं मात्र कुणी उतरवलीच नाहीत म्हणून गेली.

बेटावरच्या दगडी हत्तीची कथाही याच चालीची आहे. पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं ते या हत्तीवरून. कॅप्टन पाइक या इंग्रज खलाशाने १७१२ साली त्याचं चित्र काढलं, त्यात पाठीवर एक छोटा हत्तीही दाखवला. पुढे एका फ्रेंच प्रवाशाला तिथे वाघ दिसला. सप्टेंबर १८१४ मध्ये हत्तीचं डोकं आणि मान ढासळली. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, तर उचलताना यारीच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत नेण्यात आले, आणि १९१४ साली तिथे जोडून पुन्हा उभे केले गेले. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो दिसतो. पण १८१४ च्या आधीचा अखंड हत्ती पाहायचा तर पाइकसारख्या हौशी हातांनी काढलेली चित्रंच उघडावी लागतात.

तांबटाचा हात

अठराव्या शतकाच्या अखेरीला या खटपटीत एक मराठी माणूस ठळकपणे दिसू लागतो. त्याचं नाव गंगाराम चिंतामण नवगिरे, म्हणजेच गंगाराम तांबट. पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता आणि त्याला प्राचीन लेण्यांचं वेड होतं. गंगाराम त्याच्यासाठी चित्रं काढी. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं १७९० सालचं त्याचं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याने वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटनं केली.

मॅलेटच्याच आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकत्र दाखवणारं प्रसिद्ध तैलचित्र त्याचंच. पण त्याचा जीव अडकला होता लेण्यांत. घारापुरी, कान्हेरी, वेरूळ, एकामागून एक डोंगर तो चित्रबद्ध करत सुटला आणि गंगाराम त्याचा सहकारी झाला. दोघांच्या हातांची जातकुळी वेगळी. वेल्सला दूरची वस्तू लहान कशी होत जाते याचं गणित शिकवलेलं. गंगारामच्या घराण्याचा धंदा तांब्यापितळेवर ठोके देण्याचा, रेघ ठाम आणि बारीक. लेण्यातल्या मूर्तीचं शिरोभूषण, कमरपट्टा, हातातलं आयुध यांचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागत नव्हता. युरोपातून आलेला चित्रकार जिथे ‘एक आकृती’ पाही, तिथे त्याला देव दिसे.

१७९५ साली साष्टीत कान्हेरीचं काम चालू असताना वेल्सला ताप आला आणि तो वारला. त्याने काढलेली वेरूळची चित्रं थॉमस डॅनियलने १८०३ साली छापून आणली. थॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे १७९३ साली मुंबईस आले होते. त्यांनी घारापुरीही पाहिली आणि तिची चित्रं १८०० साली लंडनमध्ये छापली.

या चित्रांत एक तांत्रिक करामत आहे. तोवर छापील चित्र म्हणजे बहुतेकदा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघा. अंधार दाखवायचा तर रेघांवर रेघा मारायच्या, त्यामुळे काळोख विणलेल्या जाळीसारखा दिसे. डॅनियल काका-पुतण्यांनी वापरलेली पद्धत निराळी होती. पत्र्यावर राळेची बारीक पूड धरायची, तो आम्लात बुडवायचा. पुडीच्या कणांमधल्या फटींतून आम्ल पत्रा खातं आणि अतिसूक्ष्म खड्डे पडतात. जितका वेळ आम्ल, तितके खड्डे खोल आणि तितकी शाई अधिक. यातून रेघेविना राखाडीच्या पायऱ्या मिळू लागल्या. दारातला करडा, खांबामागचा गडद, गाभाऱ्याकडचा काळा हे सगळे अंधार आता कागदावर वेगवेगळे दिसू लागले.

काच ओली असेपर्यंत

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची घोषणा झाली आणि वर्षभरात ही विद्या हिंदुस्थानात येऊन पोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात सुरुवातीपासून एतद्देशीय सभासद होते. डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि कॅमेऱ्यात अधिक रमलेले त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. मूळचं हे घराणं गोव्यातल्या मांद्रे गावचं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच सुमारास छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईच्या कोटात स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि ते या देशातल्या पहिल्या व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले गेले.

डॉक्टरांना ही विद्या इतक्या लवकर कशी जमली? उत्तर त्यांच्या औषधांच्या कपाटात सापडतं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने १८५१ साली काचेवर फोटो घेण्याची जी रीत काढली, तिला मुख्यतः तीन गोष्टी लागत. पहिली कोलोडियन, म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रासायनिक कापूस. शल्यवैद्य तो जखमेवर पातळ पट्टीसारखा लावत. दुसरी गोष्ट ईथर, जो १८४६ पासून शस्त्रक्रियेत भूल द्यायला वापरात होता. तिसरी सिल्व्हर नायट्रेट, ज्याच्या कांडीने डॉक्टर चिघळलेली जखम डागत. नारायण दाजींसारख्या डॉक्टरच्या हाताला या तिन्ही वस्तूंची सवय असणार.

रीत अशी. काच लख्ख पुसायची. तिच्यावर कोलोडियन ओतून, काच तिरकी करत, सगळीकडे सारखा थर पसरवायचा. अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या भांड्यात बुडवायची. मग ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात परत येऊन दुसऱ्या रसायनाने चित्र उमटवायचं. हे सगळं काच वाळायच्या आत, साधारण दहा-पंधरा मिनिटांत. थर वाळला की चांदीचे क्षार स्फटिक होऊन बसतात, काच आंधळी होते. त्यात मुंबईची हवा. ईथर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळू लागतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा त्याच्या घरात जाऊन बसतो. काचेवर ओतता ओतताच निम्मा द्राव हवेत उडून जायचा.

आता हे बिऱ्हाड घारापुरीच्या लेण्यात नेऊन पाहू. लाकडी कॅमेरा, तिकाटणं, काचांची पेटी, बाटल्या, अंधारखोलीचा तंबू, सगळं होडीतून उतरवायचं आणि टेकडीवर चढवायचं. धुवायला गोडं पाणी हवं. लेण्यातच पाण्याचं टाकं आहे, तेवढी सोय. पण खरा पेच पुढे आहे. धरून चाला की बाहेर लख्ख उन्हात एका चित्राला ३ सेकंद लागतात. लेण्याच्या पोटात उजेड बाहेरच्या हजारावा हिस्सा असेल, तर तेच चित्र घ्यायला ३००० सेकंद लागतील. म्हणजे ५० मिनिटं. आणि काच वाळते पंधरा मिनिटांत!

मग मशाली का लावू नयेत? माणसाच्या डोळ्याला मशालीने लेणं उजळलेलं दिसतं, पण ओल्या काचेला नाही. कोलोडियनच्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा कळतो. पिवळा जेमतेम, तांबडा मुळीच नाही. तेलाच्या ज्योतीत निळा अंश अगदी थोडा. शंभर पलिते लावून लेणं झगमगवलं तरी काचेच्या लेखी तिथे जवळजवळ रात्रच. म्हणून तर छायाचित्रकार आपल्या अंधारखोलीत पिवळ्या-तांबड्या काचेचा दिवा खुशाल लावत. चित्रासाठी जे कामाचं नाही, तेच अंधारखोलीत सुरक्षित.

उलट आभाळाचा उजेड निळा. म्हणजे ज्या उत्तरेच्या उजेडाने सुरुवात केली, तोच या काचेच्याही कामाचा निघाला. प्रश्न फक्त त्याच्या तुटपुंजेपणाचा होता. त्यावर जगभर नाना तोडगे निघाले. आरसे आणि पांढरी चादर लावून बाहेरचं ऊन आत वळवायचं. किंवा जरा मंद पण कोरडी वापरता येणारी काच करायची, म्हणजे ती तासभर उघडी ठेवली तरी बिघडत नाही. पॅरिसच्या नादारने १८६१ साली जमिनीखालच्या अस्थिगृहांत विजेच्या बॅटऱ्या नेऊन फोटो घेतले. एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ कामगार स्तब्ध कसे उभे राहणार? म्हणून त्यांच्या जागी त्याने कपडे घातलेले पुतळे उभे केले. पिआझी स्मिथने १८६५ साली इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये मॅग्नेशियमची तार जाळली. तिच्या पांढऱ्याशुभ्र ज्वाळेत निळा प्रकाश भरपूर असतो.

महाराष्ट्रात हा अंधार सर्वांत हट्टाने झेलला तो रॉबर्ट गिलने. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४० च्या दशकात अजिंठ्याला आला तो भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलनकला करण्यासाठी. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण त्याआधीच त्याने कॅमेराही हाती घेतला होता. दोन भिंगांचा हा कॅमेरा माणसाच्या दोन डोळ्यांसारखी दोन चित्रं एकदम घेई. ती विशिष्ट चष्म्यातून पाहिली की खांब पुढे येत आणि भिंत मागे सरके. लेण्यांच्या अशा ७४ छायाचित्रांचं पुस्तक १८६४ साली निघालं. शिल्पाला खोली असते, आणि ती सपाट कागदावर उतरत नाही, यावर त्या काळी सापडलेला हा सर्वांत बुद्धिमान उपाय.

१८७१

घारापुरीवरचं छायाचित्रांचं पुस्तक १८७१ साली आलं. लेखक जेम्स बर्जेस. मुंबईत पारशी मुलांच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, आणि पुढे पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. छायाचित्रं डी. एच. साइक्स यांची. त्या काळी फोटो मजकुराबरोबर छापायची सोय नव्हती. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर, काच ठेवून, उन्हात एकेक प्रत काढायची आणि पुस्तकाच्या पानावर हाताने चिकटवायची. म्हणजे लेण्याच्या अंधारातून काढलेलं प्रत्येक चित्र पुन्हा उन्हात भाजून निघे. आणि पुस्तकाच्या जितक्या प्रती, तितक्या वेळा.

योगायोग असा की त्याच वर्षी रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत प्रसिद्ध केली. दहा वर्षांत ती इतकी सुधारली की ओल्या काचेची धावपळ संपली. काच घरून तयार आणायची, केव्हाही उघडायची, केव्हाही धुवायची.

छायाचित्रणाच्या या शिस्तीत तयार झालेला एक हात आपल्या ओळखीचा आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि १९०३ साली पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरीला लागले. स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी ती सोडली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. दादासाहेबांना हलतं चित्र सुचण्याआधी न हलणाऱ्या दगडाची नेमकी नोंद कशी घ्यायची, हा धडा मिळालेला होता.

छापलेली छायाचित्रं लेण्यांना कुठवर घेऊन गेली याचा एक दाखला पुरे. १९२१ साली पॅरिसमध्ये शैव शिल्पांवर एक ग्रंथ निघाला. त्यात महान शिल्पकार ऑग्युस्त रोदँ याचा नटराजावरचा लेख आहे. रोदँ कधीच हिंदुस्थानात आला नव्हता. त्याने ती मूर्ती छायाचित्रांतून पाहिली आणि तिच्या हातापायांच्या लयीवर भान हरपून लिहिलं. त्याच ग्रंथात व्हिक्टर गोलुबेव यांनी घारापुरीचं लेणं वाचकांपुढे ठेवलं. मोरा बंदरासमोरचा दगड आता पॅरिसच्या टेबलावर होता.

पुढे १९८३ साली अमेरिकन शिल्पकार कार्मेल बर्कसन यांच्या छायाचित्रांचं घारापुरीवरचं पुस्तक आलं. त्या मुंबईत दीर्घकाळ राहिल्या, पद्मश्रीही झाल्या. नीबूर भूमापकासारखा पाहत होता, डॅनियल निसर्गचित्रकारासारखे. बर्कसन यांच्याजवळ स्वतः दगडमातीत हात घातलेल्या माणसाची नजर होती. गुडघ्याचा उठाव कुठे सुरू होतो आणि सावली त्याला कुठे सोडते, ते त्या नजरेला दिसतं.

हा काळोख कधीचा?

इथवर आल्यावर एक धक्का बाकी आहे. शिलालेखाची हकीकत सांगणाऱ्या त्याच कौतोने आणखीही काही लिहिलं आहे. लेण्याच्या आतल्या भागावर पूर्वी चुन्याचा तलम गिलावा होता आणि त्यामुळे आतलं सगळं फार उजळ दिसे, असं तो सांगतो.

याचा अर्थ लावून पाहा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण प्रकाश गिळतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा थोडाच भाग परततो. चुना लावलेली भिंत मात्र बहुतेक उजेड परत फेकते, समोरची भिंत तो पुन्हा फेकते, आणि असा टोलवला जात जात उत्तरेचा उजेड गाभाऱ्यापर्यंत पोचतो. म्हणजे वेल्सपासून साइक्सपर्यंत सगळे ज्या अंधाराशी झुंजले, तो सगळाच्या सगळा शिल्पकारांनी दिलेला नव्हता. बराचसा गिलावा गळून गेल्यानंतर आलेला. आज जो गंभीर, करडा, गूढ महेश आपल्या मनात ठसला आहे, त्याला घडवण्यात कारागिरांच्या छिन्नीइतकाच दीड हजार वर्षांच्या पावसाचा, खाऱ्या वाऱ्याचा आणि शंभर-दीडशे वर्षांच्या कृष्णधवल छायाचित्रांचा वाटा आहे.

उजेडाच्या बाबतीत बेटावरच्या माणसांचं नशीबही उशिराच उघडलं. समोर मुंबई रात्रभर लखलखत असताना घारापुरीच्या वस्त्यांना संध्याकाळचे काही तास जनरेटरची वीज मिळे. समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिथे पूर्णवेळ वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. लेणं जागतिक वारशाच्या यादीत आलं १९८७ साली, त्यानंतर तीस वर्षांनी.

आज खिशातल्या मोबाइलला हा अंधार अवघड वाटत नाही. बटण दाबलं की तो एका दमात अनेक फिकट चित्रं घेतो, ती एकावर एक रचतो, हात हललेला असेल तर जुळवून घेतो आणि गोळा झालेल्या उजेडाचं एक चित्र आपल्यापुढे धरतो. नादारची अठरा मिनिटं दोन-तीन सेकंदांत आटोपली. गंमत अशी की मोबाइल जे वाचवतो ते नेमकं तेच आहे, ज्याच्यामुळे जुनी माणसं लेणं पाहू शकली: वेळ.

डोळ्यांचंही तसंच आहे. उन्हातून लेण्यात आल्यावर पहिल्या काही मिनिटांत डोळा थोडासा सरावतो. पण मंद उजेडात काम करणाऱ्या पेशींना पूर्ण जागं व्हायला अर्धा तास लागतो. बहुतेक पर्यटक त्याच्या आत बाहेर पडलेले असतात. नीबूर आराखडा काढत बसे, गंगारामसारखे लोक शिल्पासमोर दिवस घालवत. त्यांना आपल्याहून अधिक दिसे यात नवल नाही. त्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असत, आणि हाताने रेघ मारायची असल्याने प्रत्येक बोटाचा हिशेब द्यावा लागे.

उरणला आता रेल्वे आली आहे, अटल सेतूही तालुक्यातच उतरतो. घारापुरीला जायचं तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. शक्यतो सकाळी लवकर जा, म्हणजे पूर्वेचं अंगण उजळलेलं मिळेल. दुपार कलेपर्यंत थांबलात तर पश्चिमेचं अंगण उजळतं, आणि वामदेवाचं मुख पुन्हा नव्याने पाहता येईल. मोबाइल काढायच्या आधी अर्धा तास त्या तीन मुखांपुढे बसा. जमलं तर वहीत एक मुख काढून पाहा. चित्र वाईट आलं तरी बिघडत नाही, नीबूरचंही फार चांगलं आलं नव्हतं.

आणि पुढे कधी एखादं जुनं चित्र किंवा पिवळट पडलेला फोटो समोर आला, मग तो घारापुरीचा असो वा आपल्या आजोबांचा, तर त्यात कोण आहे हे पाहण्याआधी एवढं विचारा: हा उजेड कुठल्या बाजूने आला, आणि तो येईपर्यंत कुणीतरी किती वेळ थांबलं? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधू लागलात की चित्रामागचा माणूस दिसायला लागतो. पायोनियर म्हणून ज्यांची नावं आपण घेतो त्यांच्यातल्या बहुतेकांचं मोठेपण त्या थांबण्यात आहे.